तिला पगार किती होता?

गेल्या हिवाळ्यात सोलापुरातल्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात क्विझ होती आणि मी गुण मांडायला बसले होते. शेवटच्या फेरीत प्रश्न आला, ‘भारतीय सिनेमातली पहिली अभिनेत्री कोण?’ एका टीमनं बझर दाबला. ‘दुर्गाबाई कामत.’ टाळ्या. तेवढ्यात दुसरी टीम उठली. ‘चूक! कमलाबाई गोखले.’ मग मोबाइल निघाले. दोघी मायलेकी आहेत, दोघी एकाच सिनेमात आहेत, मग गुण कुणाला? एक जण म्हणाला, ज्या बाईची भूमिका मोठी ती पहिली. दुसरा म्हणाला, पडद्यावर आधी कोण येतं ते बघा. दहा मिनिटं हा घोळ चालला. शेवटी पाच-पाच गुण वाटून दिले आणि सूत्रसंचालक म्हणाला, ‘नेक्स्ट क्वेश्चन.’

त्या दहा मिनिटांत या दोघी बायका नेमकं काय करत होत्या, हे कुणीही विचारलं नाही. कुठून आल्या, सिनेमा संपल्यावर कुठं गेल्या, पुढं त्यांचं काय झालं, काहीच नाही. मीही विचारलं नाही. मी पाच-पाच गुण मांडले.

हा लेख त्या पाच गुणांबद्दल आहे. ‘पहिली’ हा शब्द आपण मानानं वापरतो, हे मला मान्य आहे. पण माझं म्हणणं असं की हा मान बाईचं काम गिळतो. एकदा ‘पहिली’ म्हटलं, की पुढचं काही विचारायची गरज उरत नाही.

एका ओळीत न मावणारी बाई

आधी त्या मायलेकींबद्दल, कारण क्विझमध्ये ते राहून गेलं.

दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि लहान मुलीला घेऊन नाटकात आल्या. हे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. ब्राह्मण घरातली, नवऱ्याला सोडलेली बाई त्या काळी काय काय करू शकत होती याची यादी फार लहान होती, आणि त्या यादीत नाटक नव्हतंच. नाटकात गेल्यावर जातीनं त्यांना बाहेर काढलं. मुलगी कमला १९०० सालची. चार-पाच वर्षांची असल्यापासून ती स्टेजवर उभी राहत होती. शाळा अशी नाहीच. कंपनी जिथं जाईल तिथं बिऱ्हाड, आणि अक्षरओळख झाली ती नाटकाच्या नकला पाठ करता करता.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमला मोहिनी झाली. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. क्विझ इथं संपते.

कमलाबाईंचं आयुष्य मात्र इथं जेमतेम सुरू होतं. चित्ताकर्षक नाटक मंडळीत त्या नायिकेची कामं करत होत्या. त्या कंपनीतल्या रघुनाथराव गोखल्यांशी त्यांचं लग्न झालं. हे रघुनाथराव आधी किर्लोस्कर कंपनीत स्त्रीपार्ट करायचे. वयात आल्यावर त्यांचा आवाज फुटला, साडी सुटली, ते भावाच्या कंपनीत नायक झाले आणि नायिकेच्या जागेवर कमलाबाई आल्या. म्हणजे एका पुरुषाचा आवाज फुटला, म्हणून एका बाईला बाईची भूमिका मिळाली. हे वाक्य मी तीनदा वाचलं होतं. तुम्हीही वाचा.

पुढं पंचविशीच्या आसपास त्या विधवा झाल्या. पदरात दोन मुलं, तिसरं पोटात. त्यांनी काम थांबवलं नाही. फक्त बायकांच्या नाटक कंपनीत त्यांनी पुरुषपार्टही केले. मूकपट केले, बोलपट आल्यावर बोलपट केले. मराठी-हिंदी मिळून तीसच्या वर चित्रपट. १९८० साली ‘गहराई’ नावाचा हिंदी भयपट आला, त्यातही त्या आहेत. १९१३ ते १९८०. हिशेब करा. सदुसष्ट वर्षं. आपल्या आजूबाजूला सदुसष्ट वर्षांची नोकरी केलेला एक माणूस दाखवा.

त्यांचा मोठा मुलगा चंद्रकांत गोखले नट झाला, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले. नातू विक्रम गोखले. २०२२ मध्ये विक्रम गोखले गेले तेव्हा प्रत्येक बातमीत एक ओळ होती, त्यांची पणजी आणि आजी या ‘पहिल्या’ अभिनेत्री. त्याला सगळे ‘घराण्याची परंपरा’ म्हणत होते. मला त्यात एक बाई दिसत होती. नवरा गेल्यावर तीन मुलांच्या ताटात भात पडावा म्हणून रोज रात्री तोंडाला रंग लावणारी. परंपरा वगैरे नावं नंतर पडतात. आधी भाडं भरावं लागतं.

‘बायका मिळत नव्हत्या’ ही लोणकढी

पहिल्या सिनेमाची गोष्ट आपल्याला कशी सांगतात? ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळके बाई शोधत होते. कुणी तयार होईना. शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनीही नकार दिला. मग एका हॉटेलातला आचारी सापडला, अण्णा साळुंके, आणि तो तारामती झाला. हॉटेलात त्याला दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा दिले असं सांगतात. पुढं १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तोच राम आणि तोच सीता. सगळे हसतात. गोष्ट गोड आहे.

पण या गोड गोष्टीत एक खोड आहे. ती ऐकून वाटतं, त्या काळी अभिनय करणाऱ्या बायकाच नव्हत्या. होत्या की! दुर्गाबाई तेव्हा काही वर्षं स्टेजवर होत्या. नाचगाण्यात आयुष्य घालवलेल्या कलावंतिणी होत्या. तमाशात बायका होत्या. केवळ बायकांनी उभ्या केलेल्या नाटक कंपन्या होत्या, त्यात बायकाच राजा आणि बायकाच राक्षस. बायका होत्या, फक्त ‘आपल्यातल्या’ नव्हत्या. ज्या होत्या त्यांना आपण मोजत नव्हतो. म्हणून ‘मिळत नव्हत्या’.

आणि एक गंमत पाहा. या गोष्टीत आचाऱ्याचा पगार रुपयांत सांगतात, आधीचाही आणि नंतरचाही. मोहिनी झालेल्या मुलीला काय मिळालं, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही. पुरुष नोकरी बदलतो. बाई ‘पाऊल टाकते’, ‘दार उघडते’, ‘इतिहास घडवते’. एकाला पगारवाढ, दुसरीला विशेषण.

त्याची भक्ती, तिची मजबुरी

त्याच १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली. बालगंधर्वांचा मी अपमान करणार नाही. त्यांचं गाणं ऐकलंय, आणि ज्यानं ऐकलंय तो त्यांच्याबद्दल हलकं बोलणार नाही. पण त्यांच्याभोवती आपण जो धूप जाळतो त्याच्या धुरात काय दिसेनासं होतं, ते मला सांगायचंय.

बालगंधर्वांच्या साड्या, दागिने, अंबाडा, चालणं यांची नक्कल तेव्हाच्या घरंदाज बायका करायच्या, हे आपण कौतुकानं सांगतो. बाईनं कसं दिसावं हे एका पुरुषानं शिकवलं, याचं आपल्याला केवढं अप्रूप! आणि त्याच वर्षी एक खरीखुरी मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, तर तिच्याबद्दल आपल्याकडे एक ओळ.

दुसरं उदाहरण जास्त बोचणारं आहे. १९११ साली ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. त्यांनी प्रयोग केला. ही गोष्ट आपण डोळे पुसत सांगतो. रसिकांवरची निष्ठा, कलेची उपासना. ठीक आहे. आता कमलाबाईंकडे या. नवरा गेलेला, मूल पोटात, आणि बाई कामावर. याला आपण काय म्हणतो? ‘बिचारी. परिस्थितीमुळं करावं लागलं.’ दुःख गिळून प्रयोग दोघांनीही केले. एकाची भक्ती झाली, दुसरीची मजबुरी. कमलाबाईंना ते काम आवडत असेल, त्यात त्यांची हुशारी असेल, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

रीना मोहन यांनी नव्वदीच्या सुरुवातीला ‘कमलाबाई’ नावाचा माहितीपट केला. त्यात म्हाताऱ्या कमलाबाई जुन्या नाटकातले संवाद म्हणून दाखवतात. शरीर थकलेलं आहे, पण शब्द कुठं दाबायचा, कुठं थांबायचं हे अजून पक्कं आहे. तिथं ‘बिचारी’ कुणी दिसत नाही. दिसते ती एक कसलेली कारागीर. आमच्याकडे हातमागावर चाळीस वर्षं काढलेला माणूस नुसत्या बोटांनी सूत ओळखतो ना, तसं.

कुलीन म्हणजे कोण?

‘पहिली’चा एक भाऊ आहे, ‘कुलीन’. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात दुर्गा खोटे तारामती झाल्या. त्या मोठ्या अभिनेत्री होत्या, पुढं १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तो योग्यच होता. पण त्यांच्याबद्दल लिहिताना ठरलेलं वाक्य येतं, कुलीन घरातली बाई सिनेमात आली आणि सिनेमाला प्रतिष्ठा मिळाली.

या वाक्यात किती बायकांच्या कानाखाली मारलीय, मोजा. आधीची वीस वर्षं ज्यांनी काम केलं त्या कोण होत्या? कलावंतीण घरातल्या, ज्यू, अँग्लो-इंडियन, मुसलमान, जातीबाहेर टाकलेल्या ब्राह्मण. त्या अप्रतिष्ठित. रस्ता त्यांनी तुडवला आणि फीत दुसऱ्याच्या नावानं कापली. दुर्गा खोट्यांनाही लहान वयात वैधव्य आलं होतं, दोन मुलं होती आणि पैशाची गरज होती. म्हणजे गरज तीच. फरक आडनावाचा आणि बंगल्याचा.

‘कुलीन’ नसलेल्या बाईचं काय होतं ते बघायला आमच्या शेजारीच या. सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. त्या बाजूच्या बिळगी गावच्या दोन बहिणी, अमीरबाई आणि गोहर कर्नाटकी. अमीरबाईंचा आवाज ‘किस्मत’मधून देशभर गेला. गोहरबाई बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या, नायिका झाल्या, पुढं त्यांच्या पत्नी झाल्या. तेव्हा कंपनीचे वैभवाचे दिवस सरले होते. मराठी रसिकांनी मग सोपा हिशेब केला. चांगलं ते सगळं गंधर्वांचं, आणि उतरण लागली ती ‘त्या बाई’मुळं. कन्नड मुलखातली, मुसलमान आणि वर गाणारी. दोष द्यायला इतकी सोयीची बाई पुन्हा मिळाली नसती. ती स्टेजवर कशी होती, हे तिला शिव्या घालणाऱ्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

आमच्या गावची ‘पहिली’

आता आमच्याकडं येते. सोलापूरकराला भेटलात की पहिल्या पाच मिनिटांत तो दोन गोष्टी सांगतो. एक, शेंगा चटणी कुठली घ्यायची. दोन, लता मंगेशकरांचा पहिला कार्यक्रम आमच्या गावात झाला. १९३८, नूतन थिएटर, सोबत वडील मास्टर दीनानाथ. मीही सांगते, अभिमानानं सांगते.

पण पुढचं कुणी सांगत नाही. १९४२ मध्ये दीनानाथ गेले. मोठी मुलगी बारा वर्षांची, तिच्या खाली चार भावंडं. ती मुलगी सिनेमात अभिनय करायला लागली. हो, अभिनय. त्याच वर्षीच्या एका सिनेमाचं नावच ‘पहिली मंगळागौर’. तोंडाला रंग लावायला आवडायचं नाही, असं त्यांनीच पुढं अनेकदा सांगितलंय. आवड म्हणून नाही, घर चालवायला केलं. मोहिनी झालेल्या कमलाच्याच वयाची मुलगी, तेच काम, तेच कारण, मध्ये तीस वर्षं. आपल्याला १९३८ चं स्टेज आठवतं, १९४२ ची हजेरी आठवत नाही.

आणि शशिकला. हिंदी सिनेमातल्या त्या ठसकेबाज खाष्ट बाई. जन्म सोलापूरचा, घरचं नाव जवळकर. लहानपणी या जिल्ह्यातल्या गावागावांत नाचल्या, गायल्या. घर बसलं, तसं काम शोधत मुंबईला गेल्या. ‘आरती’ आणि ‘गुमराह’साठी लागोपाठ दोन वर्षं फिल्मफेअर, २००७ मध्ये पद्मश्री. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. माझ्या ग्रुपमधल्या आठ जणांना मी विचारलं. सोलापूरच्या आहेत हे दोघांना माहीत होतं. कारण उघड आहे. त्या कशातही ‘पहिल्या’ नव्हत्या, म्हणून क्विझमध्ये नाहीत. त्या फक्त पन्नासहून जास्त वर्षं काम करत राहिल्या.

आजीचा प्रश्न

क्विझनंतर मी घरी कमलाबाईंबद्दल बोलत होते. आजी ऐकत होती. माझ्या आजीनं आयुष्यभर बिड्या वळल्या. सोलापुरात हे सांगायला लागत नाही, अर्ध्या गावाच्या आज्यांनी हेच केलंय. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी वळायची, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायची, मजुरी हजारावर. द्यायला गेलं की मोजणारा काही बिड्या बाजूला काढायचा. ती छाट. पान आजीचं कापलेलं, बोटं आजीची, वेळ आजीचा, पण छाटेला पैसे नाहीत.

मी सांगत होते, अगं ही पहिली, ही किती ग्रेट, तेराव्या वर्षी वगैरे. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ते राहू दे. हिला पगार किती होता?’

मी गप्प. दोन वर्षं मी एकांकिका करते, बायकांच्या इतिहासावर पोस्टी टाकते. हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

आजीनं पुढं विचारलं, ‘पोटुशी होती तेव्हा पगार चालू होता का? पोरं कुठं ठेवायची? रात्री खेळ सुटल्यावर घरी कोण सोडायचं?’ एका बिडी कामगार बाईला दोन मिनिटांत चार प्रश्न पडले. ते कॉलेजच्या भरल्या हॉलमध्ये कुणाला पडले नव्हते, कारण आजीनं कमलाबाईंना लगेच ओळखलं. तिच्यासारखीच कामाला जाणारी बाई म्हणून. आणि मला त्या क्षणी कळलं की आपण अभिनेत्रींचा इतिहास लिहितो तेव्हा नेमकं काय करतो. त्यांच्या कामातली एक बिडी उचलून काचेत ठेवतो आणि बाकीचा हजार छाट म्हणून बाजूला काढतो.

मग काय झालं?

तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार? शिवाय कला ही कला आहे, तिला पगारपत्रकात कशाला कोंबायचं?

सांगते. मी दिवसा एका दुकानात हिशेब लिहिते आणि संध्याकाळी तालमीला जाते. मागच्या वर्षी एका प्रयोगासाठी आम्हाला बाहेरगावी बोलावलं. लाइटवाल्याला पैसे, टेम्पोवाल्याला पैसे, मेकअपवाल्याला पैसे. आम्हा तीन मुलींना सांगितलं, ‘तुम्हाला एक्स्पोजर मिळतंय.’ कपडे बदलायला जागा नव्हती. दोघींनी चादर धरायची, तिसरीनं बदलायचं. परत येताना रात्री दोन वाजता स्टँडवर उतरलो, तिथून पुढं ज्याचं त्यानं. आम्ही तक्रार केली नाही. का? कारण कलेत असं चालतं. नाटक पूजा असते आणि पूजेत बाथरूम मागत नाहीत.

ही जी ‘पूजा’ आहे ना, ती कमलाबाईंच्या काळापासून फुकट राबवून घ्यायची सोय आहे. काम म्हटलं की हक्क येतात. पूजा म्हटलं की फक्त प्रसाद. केरळमध्ये सरकारनं नेमलेल्या हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये बाहेर आला तेव्हा सगळ्यांनी मोठमोठ्या नटांची नावं शोधली. त्या अहवालात सेटवर बायकांना संडास नाही, कपडे बदलायला खोली नाही, हेही लिहिलंय. ते वाचून मला आमची चादर आठवली.

आणि एक तारीख लक्षात ठेवा, क्विझमध्ये येणार नाही म्हणून. ‘मोहिनी भस्मासुर’नंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदा झाला. जिथं दहापेक्षा कमी माणसं काम करतात, म्हणजे आपल्यासारख्या छोट्या ग्रुपमध्ये, तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. प्रत्येक जिल्ह्यात ही समिती असायला हवी असं कायदा म्हणतो. माझ्या ग्रुपमधल्या एकाही मुलीला हे माहीत नव्हतं. पहिली अभिनेत्री कोण, हे मात्र सगळ्यांना पाठ.

मान्य करते, ‘पहिली’ या शब्दामुळंच मला कमलाबाई सापडल्या. तो शब्द दारावरची पाटी आहे, पाटी हवीच. पण आपण पाटीसोबत सेल्फी काढून परत जातो. आत बाई अजून काम करतेय.

यंदा त्या क्विझचे प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलंय. काढून झालेत. पडद्यावरच्या पहिल्या मोहिनीनं शेवटचा सिनेमा कितव्या वर्षी केला? नायिकेची जागा तिला कशामुळं मिळाली? नवरा गेल्यावर तिनं कुठल्या कंपनीत पुरुषपार्ट केले? सोलापुरात जन्मलेली कुठली अभिनेत्री लागोपाठ दोन वर्षं फिल्मफेअर घेऊन गेली? दहा माणसांपेक्षा छोट्या नाटक ग्रुपमधल्या मुलीनं तक्रार कुठं करायची?

आजीला वाचून दाखवले. म्हणाली, ‘बरे हायेत. पण तुला किती देणार हायेत प्रश्न काढायचे?’

उद्या विचारणार आहे.